कविवर बनारसीदास : एका व्यापाऱ्याची जीवनवही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर जैन पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा मी प्रथम नम्रपणे नकारच दिला होता. माझे सारे आयुष्य कापडाच्या गादीवर गेले. बी. कॉम. झालो तोही वडिलांच्या इच्छेखातर, जमाखर्च शास्त्रशुद्ध कळावा एवढ्याच हेतूने. माझी लेखणी चालली ती रोजमेळात आणि खतावणीत. वस्तुपाल-तेजपाल, दानशूर भामाशहा, पूज्य आचार्य भगवंत यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार विद्वानांचा. परंतु घरी येऊन विचार केला, तेव्हा एक नाव असे आठवले की ज्यांच्याविषयी एखाद्या पंडितापेक्षा दुकानदारालाच चार शब्द अधिक सांगता येतील. ते नाव म्हणजे कविवर पंडित बनारसीदास.

स्वाध्यायाला नियमित बसणाऱ्या बंधु-भगिनींना हे नाव अपरिचित नाही. भगवान कुंदकुंदाचार्यांचे समयसार, त्यावर आचार्य अमृतचंद्रांनी चढविलेले कलश, आणि त्या कलशांच्या आधारे सामान्य श्रावकाला उमजेल अशा पद्यात अवतरलेले नाटक समयसार. हा ग्रंथ विक्रम संवत १६९३, म्हणजे इ. स. १६३६ मध्ये आग्र्यात पूर्ण झाला. आपल्याकडील अनेक मंदिरांच्या ग्रंथभांडारात तो आहे. मात्र त्यानंतर पाच वर्षांनी, इ. स. १६४१ च्या मार्गशीर्षात, त्याच लेखणीतून उतरलेले आणखी एक पुस्तक आपल्या समाजात फारसे वाचले जात नाही. त्याचे नाव अर्धकथानक. मुख्यतः दोहे आणि चौपाया असलेली अवघी ६७५ पद्ये. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे धरले, आपली ५५ झाली, म्हणून ही अर्धी कथा, असा कविवरांचा सरळ हिशेब. हिंदीतील पहिले आत्मचरित्र म्हणून आज अभ्यासक त्याचा गौरव करतात.

मी ते प्रथम वाचले तेव्हा माझी अपेक्षा वेगळी होती. अकबर, जहांगीर आणि शाहजहान अशा तीन बादशहांची राजवट पाहिलेला मनुष्य. तेव्हा दरबार, लढाया, मोठमोठे सोहळे वाचायला मिळतील असे वाटले. ते सारे तेथे आहे, पण पडद्यामागे. पुढे आहेत ते पावसात न मिळालेला निवारा, उंदराने पळविलेली पुरचुंडी, बायकोने साठवलेले वीस रुपये आणि कचोरीवाल्याची उधारी. ज्या गोष्टी आपण संध्याकाळी दुकान बंद करताना विसरून जातो, त्या या व्यापाऱ्याने पंचावन्नाव्या वर्षी आठवून आठवून लिहून ठेवल्या.

बनारसीदासांचा जन्म विक्रम संवत १६४३ च्या माघ महिन्यात जौनपूर येथे श्रीमाळ कुळात झाला. पूर्वज रोहतकजवळील बिहोली गावचे, म्हणून गोत्र बिहोलिया. आजोबा मूळदास हे माळव्यातील नरवर येथे एका मोगल उमरावाचे मोदी होते. ते वारताच त्या उमरावाने घरदार जप्त केले आणि विधवा आजी लहानग्या खरगसेनला घेऊन जौनपूरला माहेरी आली. माहेर जवाहिऱ्यांचे, त्यामुळे खरगसेनही जवाहिरीचा धंदा शिकले. हे खरगसेन म्हणजे बनारसीदासांचे वडील. कर्ते, सावध आणि मुलाच्या बाबतीत आयुष्यभर काळजीत पडलेले गृहस्थ.

मुलाचे मूळ नाव विक्रमाजीत. सहा-सात महिन्यांचा असताना त्याला काशीस भगवान पार्श्वनाथांच्या दर्शनाला नेले. तेथील पुजाऱ्याने ध्यान लागल्याचा आव आणून सांगितले की, यक्षाने दृष्टांत दिला आहे, प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव या बालकाला ठेवावे. आई-वडील आनंदले आणि विक्रमाजीतचा बनारसीदास झाला. पुढे स्वतः कविवरांनी हा प्रसंग लिहिताना पुजाऱ्याचा तो बनाव होता हे आडपडदा न ठेवता नोंदवले आहे. स्वतःच्या नावाची कथा सांगतानाही ज्याला खोटी भरती घालावीशी वाटली नाही, त्याच्या पुढच्या नोंदींवर माझ्यासारखा हिशेबी मनुष्य निःशंक विश्वास ठेवतो.

अकराव्या वर्षी लग्न झाले. नवी नवरी घरात आली त्याच दिवशी घरातील एक वृद्धा वारली आणि त्याच दिवशी आईला मुलगी झाली. एका छपराखाली, एका दिवसात, एक आली, एक गेली, एक जन्मली. अनित्य भावनेवर आपण कितीतरी प्रवचने ऐकली असतील. या मुलाला ती घरातच ऐकायला मिळाली. लिहिताना त्यांनी या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि फार भाष्य न करता ते पुढे गेले.

लवकरच जौनपूरच्या जवाहिऱ्यांवर संकट कोसळले. नबाब कुलीच खानाने सर्व जवाहिऱ्यांना पकडून कोंडले, फटके मारले आणि सोडले. सारेजण आपापली कुटुंबे घेऊन वाट फुटेल तिकडे पांगले. खरगसेन भर पावसात, रात्री, बायकामुलांसह शहजादपूरला पोहोचले. तेथे करमचंद नावाच्या एका वाण्याने आपले घर त्यांच्या स्वाधीन केले. धान्य, भांडी, अंथरूण-पांघरुणासह. हा करमचंद एरवी इतिहासात कोठेही नाही. पण कविवरांनी चाळीस वर्षांनंतरही त्याचे नाव विसरू दिले नाही. ज्या नबाबाने छळ केला त्याच्याविषयी राग चार ओळींत संपतो. ज्या वाण्याने घर दिले त्याच्याविषयीची कृतज्ञता मात्र पुरते ओसंडून वाहते.

वडील पुढे प्रयागला गेले. मागे आजीजवळ राहिलेल्या या बारा-तेरा वर्षांच्या मुलाने कवड्यांची देवघेव सुरू केली आणि एक-दोन टके मिळवले. आयुष्यातील पहिली कमाई! ती त्याने आजीच्या हातावर ठेवली. आजीला इतका आनंद झाला की तिने त्याची मिठाई आणून कुलदेवतेच्या नावाने वाटली. पुढे हजारो रुपयांचे व्यवहार या माणसाच्या हातून झाले, पण कोणत्याही नफ्याचे वर्णन इतक्या आनंदाने त्यांनी केलेले मला आढळले नाही. आपल्यापैकी ज्यांनी पहिल्या बोहनीचा रुपया आईच्या किंवा आजीच्या हाती दिला असेल, त्यांना हे अधिक सांगायला नको.

तारुण्यातील वर्षे मात्र उजळ म्हणता येणार नाहीत. चौदाव्या वर्षी पंडित देवदत्तांकडे कोश, अलंकार, ज्योतिष यांचे अध्ययन झाले. मुनी भानुचंद्र गावात आले तेव्हा उपाश्रयात बसून धर्मशास्त्रही झाले. एक पाय उपाश्रयात आणि दुसरा इश्कबाजीत. वडिलांच्या पेटीतील माणके चोरून विडे आणि मिठाया धाडण्यापर्यंत मजल गेली. त्याच काळात शृंगाराची एक हजार पद्यांची पोथी लिहिली. पुढे सासुरवाडीस खैराबादला गेले असता अंगभर फोड उठून असा दुर्धर रोग झाला की पंगतीला कोणी शेजारी बसेना. पत्नी आणि सासू एवढ्या दोघींनीच शुश्रूषा केली. औषध दिले ते एका न्हाव्याने. अळणी चण्याचे पथ्य सांभाळून त्याने हा रोगी बरा केला. बरे झाल्यावर स्वारी पुन्हा पूर्वपदावर. मग एक संन्यासी भेटला. वर्षभर गुप्तपणे मंत्र जपलास तर रोज दारात एक सोन्याची मोहोर सापडेल, असे त्याने सांगितले आणि या जवाहिऱ्याच्या मुलाने खरोखर वर्षभर तो जप केला. मोहोर अर्थातच सापडली नाही. नंतर एका जोग्याने दिलेला शंख सदाशिव मानून लपूनछपून पूजला. आपल्या मूर्खपणाच्या या कथा सांगताना कविवर स्वतःला हसतात आणि आपल्यालाही हसू देतात.

इ. स. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या निधनाची वार्ता जौनपूरला पोहोचली. दुकाने धडाधड बंद झाली. धनिकांनी दागिने पुरले, वह्या लपवल्या, जाडेभरडे कपडे अंगावर चढवले. कोण दरिद्री आणि कोण श्रीमंत हे ओळखू येईनासे झाले. साऱ्या हिंदुस्थानच्या दृष्टीने केवढी ही घटना! आणि बनारसीदासांच्या वहीत तिची मुख्य नोंद काय, तर ते त्या वेळी जिन्यावर बसले होते, बातमी ऐकून भोवळ आली, खाली पडले, कपाळ फुटले आणि आईने कापड जाळून त्याची राख जखमेत भरली. दहा दिवसांनी जहांगीर गादीवर बसल्याचे पत्र आग्र्याहून आले आणि बाजार पुन्हा सुरू झाला.

कपाळावरची जखम भरून आल्यावर एके दिवशी ते एकटेच बसले असता मनात विचार आला, मी पडलो तेव्हा ज्याची एवढी पूजा केली त्याने मला का सावरले नाही? त्या दिवसापासून शंखाची पूजा सुटली. कोणा पंडिताशी वाद झाला नाही, कोणाचा उपदेश झाला नाही. खरे तर ही शंका आपल्या सर्वांच्याच मनात कधी ना कधी येते आणि आपण ती झटकून पुढे जातो. त्यांनी ती झटकली नाही, एवढाच फरक.

त्यानंतरचा प्रसंग सर्वांत प्रसिद्ध आहे. जौनपूरला गोमती नदीवर अकबराच्या काळात मुनीमखानाने बांधलेला दगडी पूल आहे. एका संध्याकाळी मित्रांबरोबर ते त्या पुलावर बसले होते. हातात तीच हजार पद्यांची शृंगाराची पोथी. मित्रांना वाचून दाखवत असतानाच मनात एकाएकी लख्ख झाले, की एक असत्य बोलणाऱ्याला दुर्गती मिळते म्हणतात, मग मी तर सारी पोथी असत्याने भरली आहे. उठले आणि पोथी नदीत टाकली. मित्र हाय हाय करीत राहिले. पाने सुटी होऊन प्रवाहावर पसरली, ती गोळा कोण करणार? खरगसेनांना हे समजले तेव्हा पोथी बुडाल्याचे दुःख तर नाहीच, उलट आता मुलगा मार्गी लागेल या आशेने ते सुखावले. वयाच्या विशीत घडलेली ही गोष्ट. नेहमीचा पूल, नेहमीचे मित्र, नेहमीची संध्याकाळ.

येथून पुढे त्यांच्या व्यापाराची कथा सुरू होते, आणि माझ्या मते अर्धकथानकाचे हृदय येथेच आहे. संवत १६६७ मध्ये, म्हणजे इ. स. १६१० च्या सुमारास, वडिलांनी त्यांना घरातील पुंजी बांधून दिली. काही अंगठ्या, माणके, पाचू, नीलम, शिवाय वीस मण तूप, तेलाचे बुधले आणि जौनपुरी कापड. कशाला काय किंमत, हे कागदावर लिहून दिले. आग्र्याला जा, विक्री कर, घर चालव. गाड्या निघाल्या. इटाव्याजवळ मुसळधार पाऊस लागला. सराई भरलेली. दारोदार हिंडले, कोणी थारा देईना. शेवटी चौकीदारांच्या एका झोपडीत जागा मिळाली, तर तेथे एक दांडगा गडी येऊन यांना हाकलू लागला. मग त्यालाच दया आली. तो खाटेवर निजला आणि रत्नांची गाठोडी बाळगणारे आमचे हे व्यापारी सोबत्यांसह त्याच खाटेखाली तरटावर निजले. कविवरांनी त्या गड्याविषयी तक्रार केलेली नाही. निवारा मिळाला ही नोंद आहे आणि तो खाटेखाली मिळाला हीही नोंद आहे.

आग्र्यात धंदा बसला. तेला-तुपात थोडे मिळाले, कापडात तूट आली. (कापडाने त्यांना पुढेही कधी यश दिले नाही, आम्हा कापडवाल्यांना हे वाचून थोडे वाईट वाटते.) काही रत्ने इजारीच्या नाडीत बांधली होती, ती गाठ सुटून पडली. काही फडक्यात बांधून ठेवली, ती पुरचुंडी उंदराने नेली. रत्नजडित पोहची एका सावकाराला विकली, त्याने दिवाळे काढले. वर महिनाभर तापाचे दुखणे. हळूहळू जवळचे होते नव्हते ते विकून खाल्ले. जौनपूरला पत्राने ही बातमी गेली तेव्हा खरगसेनांना काय वाटले असेल हे कोणत्याही बापाने मनात आणून पाहावे.

बाजारात जाण्याचे तोंड राहिले नाही. मग बनारसीदास घरीच बसत आणि रात्री मधुमालती व मृगावती या कथांच्या पोथ्या गाऊन वाचीत. दहा-वीस माणसे ऐकायला जमत, आशीर्वाद देऊन जात. पण सकाळी उठून खायचे काय? तेव्हा ते एका कचोरीवाल्याकडून उधारीवर कचोरी घेऊन खात. असे बरेच दिवस चालले. शेवटी एके दिवशी त्यांनी कचोरीवाल्याला एकान्तात गाठून स्वतःच सांगितले की, माझ्याजवळ काही उरलेले नाही, तुझे पैसे केव्हा देईन हे मला ठाऊक नाही, तेव्हा उधार देण्यापूर्वी विचार कर. कचोरीवाल्याने उत्तर दिले की, वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, तुला कोणी काही विचारणार नाही, जेथे जायचे तेथे जा.

सुज्ञ वाचकहो, आपण बहुतेक सारे व्यापारी आहोत. मला सांगा, ज्या गिऱ्हाइकाने स्वतःच्या तोंडाने आपली नादारी कबूल केली, त्याची मर्यादा आपल्यापैकी किती जण वाढवतील? बी. कॉम.ला आम्हांला बुडीत येण्याची तरतूद शिकवली होती. ही तरतूद कोणी शिकवली नव्हती. या ठिकाणी माझ्या वहीतील एक नोंद मी येथे मांडतो. दुकान माझ्या हाती येऊन थोडीच वर्षे झाली होती. खेड्यापाड्यांत खांद्यावर गाठोडे घेऊन कापड विकणारा एक फेरीवाला आमच्याकडून माल उधार नेई. एका दुष्काळी वर्षी तो गादीसमोर बसला आणि यंदा पैसे होणार नाहीत, पण दोन तागे द्याल तर हात चालता राहील, असे म्हणाला. मी चार गिऱ्हाइकांदेखत त्याला मागील बाकी वाचून दाखवली आणि माल दिला नाही. धंद्याच्या नियमाने मी चुकलो नव्हतो. पुढील दोन वर्षांत त्याने थोडे थोडे करून सारी बाकी चुकती केली, पावती घेतली आणि पुन्हा कधी आमच्या दुकानाची पायरी चढला नाही. आमच्या खतावणीत त्याचे खाते बंद आहे. अर्धकथानकातील ते पान वाचेपर्यंत मलाही ते बंदच वाटत होते.

बनारसीदासांच्या कचोरीची उधारी सहा-सात महिने चालली. मध्यंतरी सासरच्या नात्यातील एका गृहस्थांनी त्यांना आपल्या घरी नेले. मग धरमदास नावाच्या तरुणाशी भागीदारी झाली, पाचशे रुपयांच्या भांडवलावर मोती-माणकांची देवघेव सुरू झाली, आणि चार पैसे हाती येताच त्यांनी कचोरीवाल्याचा हिशेब चुकता केला. एकंदर रक्कम निघाली रुपये चौदा. भागीदारी दोन वर्षे चालून नफा आणि खर्च सारखेच झाले, तेव्हा ती मोडली. खात्यात शिल्लक शून्य.

तशा स्थितीत ते खैराबादला सासुरवाडीस गेले. रात्री पत्नीने आग्र्याच्या व्यापाराविषयी विचारले. आधी त्यांनी उडवाउडवीची उत्तरे दिली, मग खरे सांगून टाकले. तिने काहीही न बोलता आपल्याजवळ साठवलेले वीस रुपये आणून हातात ठेवले. एवढ्यावर न थांबता तिने आईला गुपचूप सांगितले आणि त्या माउलीने दोनशे रुपये दिले. रोग झाला तेव्हा शुश्रूषा करणाऱ्या याच त्या दोघी. त्या पैशांतून कापड आणि मोती घेऊन ते पुन्हा आग्र्यास गेले. पुढे काही काळाने ही पत्नी बाळंतपणानंतर वारली. तिच्या मृत्यूची बातमी आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीचा नारळ, दोन्ही एकदमच त्यांच्यापर्यंत पोहोचले. पत्नीच्या त्या वीस रुपयांची नोंद त्यांनी केली नसती, तर त्या बाईंविषयी आज आपल्याला काहीही ठाऊक नसते.

नंतरचे व्यापारी दिवस बरे गेले. नरोत्तमदास हा जिवलग मित्र आणि भागीदार मिळाला. एकदा ते, नरोत्तमदास आणि नरोत्तमचे सासरे असे तिघे रानात वाट चुकले आणि नेमके चोरांच्या वस्तीत शिरले. प्रसंगावधान राखून बनारसीदासांनी चोरांच्या म्होरक्याला एक संस्कृत श्लोक म्हणून आशीर्वाद दिला. म्होरक्याने ब्राह्मण समजून रात्री आसरा दिला. तिघांनी रातोरात सूत काढून जानवी केली, ओल्या मातीचे टिळे लावले आणि सकाळी त्या म्होरक्यानेच त्यांना मार्गाला लावून दिले. दुसऱ्या एका प्रवासात खोटी नाणी चालवल्याचा आळ येऊन सारा तांडा सुळावर जाण्याची वेळ आली होती. तेथे लांबची एक सोयरीक उपयोगी पडली. सबलसिंह नावाच्या आग्र्याच्या एका धनिकाकडे हिशेब पुरा करून घेण्यासाठी त्यांनी महिनोन्महिने खेपा घातल्या. तेथे गाणे-बजावणे चाले आणि हिशेब उद्यावर जाई. अखेर एका परिचिताने मध्ये पडून जे काम काही क्षणांत केले, त्यासाठी एवढ्या खेपा! वसुलीला हिंडलेल्या कोणालाही हे प्रकरण जुने वाटणार नाही.

संवत १६७३ मध्ये वडील गेले. त्याच सुमारास आग्र्यात गाठीच्या तापाची साथ आली; उंदीर मरू लागले, वैद्य मरू लागले, लोक शहर सोडून पळाले. आपल्या देशातील प्लेगच्या जुन्या वर्णनांत या पद्यांचा उल्लेख केला जातो. नरोत्तमदासाच्या मृत्यूची वार्ताही त्यांना पत्रातूनच कळली.

धर्ममार्गावरही त्यांची पावले सरळ पडली नाहीत, आणि तेही त्यांनी लपवले नाही. संवत १६८० मध्ये खैराबादच्या अरथमल नामक सद्गृहस्थाने त्यांच्या हाती राजमल्लांच्या टीकेसह समयसार दिले. ग्रंथ थोर, परंतु वाचणाऱ्याची भूमिका तयार नव्हती. निश्चयनय डोक्यात गेला आणि व्यवहार सुटला. आत्मा शुद्धच आहे, मग सामायिक कशाला आणि पूजा कशाला, असे म्हणत क्रिया सोडल्या. देवापुढचे नैवेद्यही खाल्ले. मित्रांसह बंद खोलीत वस्त्रे टाकून आपण मुनी झालो असा खेळ केला. ज्या व्रताला आपण मस्तक नमवतो त्याची ही थट्टा होती आणि त्याची लाज कविवरांच्या शब्दांतून स्पष्ट जाणवते. लोकांनी नावे ठेवली, ती योग्यच ठेवली असे ते म्हणतात. सुमारे बारा वर्षे ही स्थिती राहिली. संवत १६९२ मध्ये पंडित रूपचंद आग्र्यास आले आणि त्यांनी गोम्मटसारावर प्रवचने केली. कोणत्या गुणस्थानी कोणती क्रिया, हे क्रमाने ऐकताना गाठ सुटली आणि स्याद्वादाची दृष्टी स्थिर झाली. पुढील वर्षी नाटक समयसार पूर्ण झाले. ज्या ग्रंथाने त्यांना भरकटवले होते, त्याचाच रस त्यांनी पुढच्या पिढ्यांना नीट गाळून दिला.

तीन लग्ने झाली. सात मुलगे आणि दोन मुली, अशी नऊ अपत्ये झाली आणि नऊही गेली. पानगळीनंतरच्या झाडाप्रमाणे दोघे नवरा-बायको उरले. हे सांगून झाल्यावर, पुस्तकाच्या शेवटी, त्यांनी आपल्या गुणदोषांचा ताळेबंद मांडला आहे. गुणांच्या बाजूस काव्य, भाषांचे ज्ञान, क्षमा, संतोष. दोषांच्या बाजूची यादी अधिक मोकळी आहे. क्रोध, मान, माया थोडी, पण लक्ष्मीचा मोह मोठा. घर सोडवत नाही. जप-तप, दान-पूजा यांची ओढ नाही. थोडा लाभ झाला तर फार हर्ष, थोडी तूट आली तर फार चिंता. कधी कधी खोटे बोलतो, थट्टामस्करीत रमतो, कारण नसताना दचकतो. आणि एकान्त मिळाला की नाचतो. पंचावन्न वर्षांचा, नऊ अपत्ये गमावलेला, समाजात पंडित म्हणून मान असलेला हा गृहस्थ घरात कोणी नसताना नाचत असे. हे त्यांनी दोषांत धरले आहे. परीक्षक या नात्याने मला ही एक रक्कम चुकीच्या बाजूस टाकल्यासारखी वाटते, परंतु त्यांच्या वहीत खाडाखोड करणारा मी कोण?

उरलेल्या अर्ध्या कथेची पाने कोरीच राहिली. ११० वर्षांचा हिशेब त्यांनी धरला होता, पण अर्धकथानकानंतर साधारण दोन वर्षांतच त्यांचे आयुष्य संपले असे मानतात. त्यांच्या सुट्या रचना जगजीवन यांनी संवत १७०१ मध्ये बनारसी विलास या नावाने एकत्र केल्या. अर्धकथानक मात्र तीनशे वर्षे हस्तलिखितांतच राहिले. इ. स. १९४३ मध्ये पंडित नाथूराम प्रेमी यांनी आपल्या मुंबईतील हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयातून ते छापून प्रसिद्ध केले. अशा रीतीने आग्र्याची ही वही आपल्या महाराष्ट्रात येऊन उघडली.

माझ्याजवळची प्रत दुकानात गादीशेजारी, गल्ल्याच्या वरच्या फळीवर असते. आषाढात लग्नसराई संपते, पाऊस लागतो, दुपारी गिऱ्हाईक नसते. तेव्हा ती काढतो. पुस्तक आता इतके वापरले गेले आहे की आपोआप एकाच ठिकाणी उघडते. त्या पानावर कचोरीवाला उधारीची मर्यादा वीस रुपये ठरवीत असतो. त्याचे नाव लिहायचे मात्र कविवरांकडून राहून गेले आहे.